लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात सीपॅप यंत्र वापरावे की नुसते सोबत न्यावे?

ठाणेकरीण

नमस्कार. माझ्या बाबांना (वय ७०) तीव्र स्वरूपाचा ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया (झोपेत घसा आवळून श्वास वारंवार अडण्याचा विकार) आहे. झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला सरासरी ४२ वेळा अडत असल्याचे आढळले होते आणि तेव्हापासून ते रोज रात्री ऑटो सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावून झोपतात. हवेच्या दाबाची मर्यादा ८ ते १४ (सेंमी पाणी या एककात), मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, यंत्राला पाण्याची टाकी आणि गरम होणारी नळी, असा सगळा संसार आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा अन्य विकार नाही. दुपारी आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला तरी आई त्यांना हलवून जागे करते, कारण यंत्र नसेल तर थोड्याच वेळात आधी घोरणे, मग एकदम शांतता आणि मग दचकून घेतलेला श्वास हे चक्र सुरू होते आणि ते पाहणाऱ्याच्याच जिवाचे पाणी होते.

येत्या मे महिन्यात आई-बाबा माझ्या भावाकडे फ्रीमॉण्टला जाणार आहेत. मुंबई ते दुबई साधारण तीन तास, दुबईत विमानबदल आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे सोळा तास असा प्रवास आहे. तिकिटे इकॉनॉमी वर्गाची असून ती काढून झाली आहेत. विमान कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा एका कर्मचाऱ्याने ‘आसनाजवळ प्लग असतो, यंत्र त्याला लावा’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुसरी कर्मचारी म्हणाली की वैद्यकीय विभागाच्या परवानगीशिवाय यंत्र सुरूच करता येणार नाही. यातले कोणाचे खरे धरावे ते कळत नाही.

सोळा तासांत बाबांना झोप लागणारच, तेव्हा विमानात यंत्र वापरण्याचा खटाटोप करावा का, की एक रात्र तशीच काढावी, हा मूळ प्रश्न आहे. वापरायचे झाल्यास बॅटरी कोणती घ्यावी, ती विमानात नेऊ देतात का, आणि सुरक्षा तपासणीत यंत्र अडवतात का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

वॉटमीटर

घरगुती श्वसनोपकरणे बसवून देणे आणि त्यांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय असल्याने मी विजेपुरते आणि बॅटरीपुरते लिहितो. वैद्यकीय बाजू डॉक्टर मंडळींनी सांगावी.

आसनाजवळच्या प्लगच्या भरवशावर सोळा तासांचा प्रवास आखू नये. तो प्लग मुळात लॅपटॉप आणि फोन यांच्यासाठी दिलेला असतो. त्यातून मिळणारी शक्ती मर्यादित असते आणि मर्यादेपेक्षा जास्त ओढ झाली की तो आपोआप बंद पडतो. उड्डाण आणि अवतरणाच्या वेळी बहुधा तो बंदच ठेवतात. शिवाय आयत्या वेळी विमान बदलले किंवा नेमका आपल्याच आसनाचा प्लग नादुरुस्त निघाला तर काही इलाज नसतो. मिळाला तर उत्तम, पण हिशेब मात्र बॅटरीचाच करावा.

विमानात लिथियम बॅटरी नेण्याचा नियम वॉट-अवर या एककावर चालतो. बॅटरीवर तो आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करावे. २४ व्होल्टची, ४००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २४ गुणिले ४, अर्थात ९६ वॉट-अवर. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सर्वसाधारणपणे पूर्वपरवानगी लागत नाही. १०० ते १६० यांमधील सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने जास्तीत जास्त दोन नेता येतात आणि १६० च्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाच्या सामानात चालतच नाही. म्हणूनच सीपॅपसाठी मिळणाऱ्या प्रवासी बॅटऱ्या ९५ ते ९९ वॉट-अवरच्या घरात बनवलेल्या असतात. सुटी बॅटरी नेहमी केबिनच्या पिशवीतच ठेवावी, चेक-इन केलेल्या बॅगेत कधीही नाही; तिची टोके चिकटपट्टीने झाकावीत किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाकिटात ठेवावी. विमानाच्या दाराशी जागा नाही म्हणून हातातली बॅग खालच्या कप्प्यात पाठवण्याची वेळ आली, तर बॅटऱ्या आधी बाहेर काढून स्वतःजवळ घ्याव्यात. ही गोष्ट घाईगडबडीत हमखास राहून जाते.

आता ही बॅटरी पुरते किती? पाणी गरम करणारी पट्टी आणि गरम नळी हीच यंत्रातली खरी खादाड मंडळी आहेत. ती दोन्ही बंद ठेवली आणि दाब १० च्या आसपास असला तर प्रचलित यंत्रे साधारण ८ ते १२ वॉट घेतात. म्हणजे ९६ वॉट-अवरची नवी बॅटरी कागदावर आठ ते बारा तास चालते. रूपांतरातली घट आणि मास्कमधून होणारी गळती धरून मी स्वतः ग्राहकांना सात तास सांगतो. उष्णता चालू ठेवली तर तीच बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकते. तुमच्या बाबांचा दाब १४ पर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे त्यांचा प्रत्यक्ष खर्च घरीच मोजून पाहावा: प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी एक अख्खी रात्र उष्णता बंद ठेवून, केवळ बॅटरीवर यंत्र चालवायचे आणि सकाळी किती बॅटरी उरली ते पाहायचे. या चाचणीमुळे कोरड्या हवेत त्यांना झोप लागते का, हेही आपोआप कळेल.

बॅटरी यंत्राच्याच व्होल्टेजची घ्यावी. रेसमेडची एअरसेन्स मालिका २४ व्होल्टवर चालते, फिलिप्सचे ड्रीमस्टेशन १२ व्होल्टवर. योग्य केबलने बॅटरी थेट यंत्राला जोडता येत असेल तर मध्ये इन्व्हर्टर घालू नये; त्यात वीज वाया जाते आणि विमान कर्मचाऱ्यांना शंका यावी अशी आणखी एक वस्तू वाढते. जाता जाता एक विचारतो: यंत्र फिलिप्सचे आणि एप्रिल २०२१ पूर्वी बनलेले आहे का? आतला ध्वनिरोधक फोम झिजून कण हवेत मिसळण्याच्या शक्यतेमुळे त्या कंपनीने जून २०२१ मध्ये बरीच यंत्रे परत मागवली होती. तसे असल्यास प्रवासाचे पुढे पाहता येईल, आधी यंत्राचे पाहावे.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण याबाबतीत जुनी माहिती आता पुरेशी नाही. पॉवर बँकमुळे विमानात आगी लागण्याच्या घटनांनंतर अनेक विमान कंपन्यांनी २०२५ मध्ये नियम कडक केले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकवर उपकरणे चार्ज करण्यास मनाई केली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून पॉवर बँकचा वापर पूर्णपणे बंद करून १०० वॉट-अवरपेक्षा कमी क्षमतेची एकच सोबत ठेवण्याची मुभा दिली. सीपॅपची बॅटरी दिसायला हुबेहूब पॉवर बँकसारखीच असते: काळी चपटी पेटी, एक बटण आणि चार हिरवे दिवे. मध्यरात्री विमानातल्या कर्मचाऱ्याला हा फरक तोंडी समजावून सांगण्यापेक्षा ‘ही वैद्यकीय उपकरणाची बॅटरी आहे, तिचे मॉडेल अमुक, क्षमता इतके वॉट-अवर, आणि हिच्या वापरास आमची संमती आहे’ असा विमान कंपनीचा ईमेल छापून जवळ ठेवावा. तुम्हाला ग्राहक सेवेकडून दोन उत्तरे मिळाली, त्यातले दुसरे सत्याच्या अधिक जवळ आहे. परवानगी यंत्रासाठी सहज मिळते. बॅटरीचा उल्लेख त्यात आहे की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

खाडीकाठ

मी सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहतो आणि स्वतः सीपॅप वापरतो. भारतात येता-जाता विमानातही वापरतो.

अमेरिकेच्या परिवहन खात्याचे विकलांग प्रवाशांविषयीचे जे नियम आहेत, त्यांतील ३८२ व्या भागानुसार सीपॅप यंत्र हे साहाय्यक उपकरण ठरते आणि केबिनमधील सामानाच्या संख्येत ते मोजता येत नाही. यंत्र विमानात वापरण्याजोगे असल्याचे त्यावर नमूद असेल तर ते उड्डाणादरम्यान वापरू द्यावे, असेही त्यात आहे. हे नियम अमेरिकेत येणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या विमानांनाही लागू आहेत. तुमच्या बाबतीत मात्र एक मेख आहे: दुबईत विमान बदलत असल्याने या नियमांचे छत्र दुबई ते सॅन फ्रान्सिस्को एवढ्याच टप्प्यावर आहे, मुंबई ते दुबई हा टप्पा कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर चालेल. तीन तासांचाच प्रवास असल्याने तिथे यंत्र बाहेर काढण्याची गरज पडू नये, परंतु हातातल्या सामानाचे वजन करताना काउंटरवर कोणी हटकले तर वाद घालण्याऐवजी कंपनीचा ईमेल दाखवावा.

त्याच नियमांनी विमान कंपन्यांना काही अटी घालण्याची मुभाही दिली आहे. विमानात यंत्र वापरायचे असल्यास ४८ तास आधी कळवा, इतर प्रवाशांच्या मुदतीपेक्षा एक तास आधी चेक-इन करा आणि अपेक्षित कमाल उड्डाणकाळाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या भरलेल्या बॅटऱ्या आणा, असे कंपनी सांगू शकते. ही शेवटची अट शब्दशः धरली तर सोळा तासांच्या उड्डाणासाठी चोवीस तासांच्या बॅटऱ्या होतात, म्हणजे ‘वॉटमीटर’ यांच्या हिशेबाने तीन-चार नग. बाबा सलग सोळा तास झोपणार नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून वैद्यकीय विभागाला लिहितानाच ‘यंत्राचा वापर केवळ झोपेच्या सहा-सात तासांपुरता आहे, प्रवासी यंत्राविना जागेपणी सुरक्षित आहे’ असे डॉक्टरांच्या पत्राच्या आधारे स्पष्ट करावे. ४८ तास ही नियमातली किमान मुदत आहे. तुम्ही तीन आठवडे आधी लिहा, कारण उलट प्रश्न येतात आणि त्यांना उत्तरे देण्यात दिवस जातात. पत्रात आजाराचे नाव, यंत्राचे मॉडेल, दाब आणि विमानात वापराची शिफारस एवढे पुरे. पारपत्रावर नाव जसे आहे तसेच पत्रातही असावे.

आसन खिडकीजवळचे घ्यावे. नळी खिडकीच्या बाजूने वर आणता येते आणि शेजाऱ्याला स्वच्छतागृहात जाताना तिच्यावरून उडी मारावी लागत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत किंवा पुढे भिंत असलेल्या पहिल्या रांगेत बसू नये, कारण तिथे उड्डाणाच्या वेळी यंत्र ठेवायला पुढच्या आसनाखालची जागाच नसते. यंत्र पुढच्या आसनाखाली ठेवून चालवता येते. मात्र हवा आत घेणारी फिल्टरची बाजू पांघरुणाने झाकली जाणार नाही हे आईंनी अधूनमधून पाहावे. विमान धावपट्टीवर असताना, उडताना आणि उतरताना यंत्र बंद करून आवरून ठेवावे लागते. केबिनमधील हवेचा दाब उतरून वरून पिवळे मास्क खाली आले, तर सीपॅपचा मास्क तत्काळ काढून ऑक्सिजनचाच लावायचा असतो. झोपेतून दचकून जागे झालेल्या माणसाला ते सुचेलच असे नाही, म्हणून हे दोघांनाही घरूनच सांगून ठेवा.

टाकीत पाणी अजिबात घालू नये. विमान हेलकावले की पाणी नळीत किंवा थेट मोटरमध्ये शिरते आणि यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. निघायच्या आदल्या सकाळी टाकी रिकामी करून पुसून पूर्ण वाळवावी.

सुरक्षा तपासणीची चिंता नको. मुंबईत यंत्र पिशवीतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचे, बॅटऱ्याही तशाच. अमेरिकेतील तपासणीत यंत्र बाहेर काढायला सांगतात, मास्क आणि नळी पिशवीतच राहू शकतात. ट्रे किती स्वच्छ असतात हे सर्वज्ञात असल्याने यंत्र एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच ट्रेमध्ये ठेवतात, तसे चालते.

पुनर्वसू

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. रुग्णाला न तपासता इथे केवळ सर्वसाधारण माहिती देतो; निर्णय बाबांच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

उंचावरून उडणाऱ्या विमानाच्या केबिनमध्ये समुद्रसपाटीइतका हवेचा दाब नसतो. नियमानुसार नेहमीच्या उड्डाणात तो ८००० फूट उंचीवरील दाबापेक्षा कमी होऊ देत नाहीत; बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत तो सुमारे ६००० फुटांइतका राखला जातो. ८००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो. निरोगी माणसाचे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण त्यामुळे काही टक्क्यांनी उतरते आणि त्याला त्याची जाणीवही होत नाही. स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाचा श्वास झोपेत अडतो तेव्हा ही घसरण आधीच खाली आलेल्या पातळीवरून सुरू होते. विमानातली झोप घरच्या झोपेहून वेगळी असण्याचे हे खरे कारण आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सीपॅप यंत्र ऑक्सिजन पुरवत नाही. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही उपचारपद्धती प्रसिद्ध केली, तेव्हापासून आजपर्यंत हे यंत्र म्हणजे मूलतः हवेचा झोत सोडणारा पंखाच आहे. तो झोत घशाचा मऊ भाग आतून उघडा ठेवतो, इतकेच त्याचे काम. हवा विरळ झाली की तोच दाब निर्माण करण्यासाठी पंख्याला जास्त वेगाने फिरावे लागते. आजची बहुतेक यंत्रे ही भरपाई आपोआप करतात, काही जुन्या यंत्रांत उंची हाताने निवडावी लागत असे. त्यामुळे ज्याच्या रक्तातील ऑक्सिजन जमिनीवर, जागेपणीसुद्धा ९५ टक्क्यांहून कमी असतो, किंवा ज्याला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या आकुंचण्याचा फुप्फुसांचा विकार), हृदयाची दुर्बलता अथवा अतिस्थूलतेमुळे मंदावलेले श्वसन असे विकार आहेत, त्याचा प्रश्न सीपॅपने सुटत नाही. अशा रुग्णाला विमानात वेगळा ऑक्सिजन लागेल का, याची तपासणी आधी करावी लागते. आपण लिहिल्याप्रमाणे बाबांना असे काही नसावे, तरीही निघण्यापूर्वी एकदा बोटावरच्या ऑक्सिमीटरने जागेपणीचे प्रमाण पाहून डॉक्टरांना सांगावे.

आता मूळ प्रश्न. सौम्य विकार असलेला, एरवी धडधाकट रुग्ण एखादे उड्डाण यंत्राविना काढू शकतो, आणि बसून झोपल्याने घशाची पोकळी दबण्याचे प्रमाण आडवे झोपण्यापेक्षा काहीसे कमी असते हेही खरे आहे. मात्र तासाला ४२ हा आकडा सौम्य नाही. ३० च्या पुढे आम्ही विकार तीव्र मानतो. त्यात वय ७० आणि रक्तदाब. सोळा तासांच्या उड्डाणात, मुख्य झोपेच्या वेळी यंत्र वापरावे असेच मी माझ्या रुग्णाला सांगेन. बाकीच्या वेळी डुलकी लागली तर घाबरून जाऊ नये, पण मान पुढे झुकून हनुवटी छातीवर टेकू देऊ नये, कारण त्या स्थितीत श्वासमार्ग अधिकच आवळला जातो. मानेभोवतीची उशी पाठीमागे जाड आणि पुढे उघडी अशी न घेता हनुवटीला खालून आधार देईल अशी घ्यावी आणि आसन जितके मागे जाईल तितके न्यावे.

मद्य आणि झोपेची गोळी या दोन्ही गोष्टी प्रवासाच्या दिवशी पूर्ण वर्ज्य. दोन्हींमुळे घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास अडल्यावर जाग आणणारी शरीराची यंत्रणा मंदावते. ‘प्रवासात जरा झोप लागावी’ म्हणून शेजारपाजारचे कोणी प्रेमाने गोळी देतात. ती घेऊ नये. प्रवासातील मळमळीसाठी किंवा सर्दीसाठी गुंगी आणणारे औषध घ्यावेसे वाटले तरी आधी विचारून घ्यावे.

केबिनमधील हवेत आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहूनही कमी असते आणि टाकीत पाणी नसल्याने तोंड व नाक कोरडे पडणार. दर काही वेळाने घोटभर पाणी आणि नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा एवढ्याने बहुतेकांचे भागते.

ठाणेकरीण

तिघांचेही मनापासून आभार. यंत्र रेसमेडचे एअरसेन्स १० आहे, त्यामुळे परत मागवलेल्या यंत्रांचा प्रश्न उरत नाही. जागेपणीचे ऑक्सिजनचे प्रमाण ९७ आले. कंपनीच्या वैद्यकीय विभागाचा ईमेल पत्ता मिळवून बॅटरीच्या तपशिलासह लिहिते आहे.

आता एकच शंका. भाऊ म्हणतो की तो प्रवासासाठी मिळणारे तळहाताएवढे छोटे यंत्र घेऊन देईल, म्हणजे मोठे यंत्र न्यायलाच नको. हा खर्च करणे योग्य ठरेल का?

वॉटमीटर

माझ्या व्यवसायाच्या विरुद्ध बोलतो, पण एका प्रवासासाठी नको. रेसमेड एअरमिनीसारखे यंत्र ३०० ग्रॅमचे असते, वीज कमी घेते, आणि त्यात पाण्याऐवजी श्वासातलाच ओलावा धरून ठेवणारी छोटी चकती असते. विमानासाठी ते सोयीचे आहे यात शंका नाही. मात्र ते ठरावीक मास्कनाच जोडता येते, आवाज थोडा अधिक करते आणि बाबांना सवय झालेला मास्क त्याला बसला नाही तर ऐन प्रवासात नव्या मास्कशी झगडावे लागेल. शिवाय ते तिथे काही महिने राहणार असतील तर रोजच्या वापरासाठी टाकीचे यंत्रच बरे. त्या पैशात ९५ वॉट-अवरच्या दोन चांगल्या बॅटऱ्या येतील आणि पुढे घरी वीज गेली तरी त्या कामी येतील. एअरसेन्स १० साठी २४ व्होल्टची, थेट जोडणीच्या केबलसह मिळणारी बॅटरी मागावी. विमानात यंत्राचा ‘एअरप्लेन मोड’ चालू करावा. त्याखेरीज आर्द्रता आणि नळीचे तापमान दोन्ही ‘बंद’ वर नेले की झाले.

शाल्मली

वरील सगळे वाचून एक वेगळे मत नोंदवते. माझ्या सासूबाईंना मध्यम तीव्रतेचा स्लीप ॲप्निया आहे आणि त्या विमानात यंत्र मुळीच लावत नाहीत. लोकांसमोर मास्क चढवायची त्यांना इतकी लाज वाटते की लावला तरी झोप येत नाही. आम्ही दोन उड्डाणांच्या मध्ये एक रात्र मुक्काम करतो. तिथे त्या यंत्र लावून व्यवस्थित झोपतात आणि पुढचे उड्डाण दिवसाचे निवडतो. खर्च वाढतो, पण बॅटरी आणि परवानग्यांची यातायात वाचते. डॉक्टरांनी तीव्र विकारासाठी जे सांगितले त्याला माझा विरोध नाही; तुमची तिकिटेही निघाली आहेत. परतीची तारीख बदलण्याजोगी असेल तर हा पर्याय लक्षात असू द्या, आणि मास्क लावण्याबद्दल बाबांना स्वतःला काय वाटते तेही एकदा विचारा.

विमानात वापरा अथवा नका वापरू, यंत्र चेक-इन केलेल्या बॅगेत मात्र देऊ नका, यावर सर्वांचे एकमत असावे. बॅग दोन दिवस उशिरा आली तर दोन रात्री यंत्राविना जातील, आणि अमेरिकेत सीपॅप यंत्र तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानातून विकत घेता येत नाही. मास्कसाठीही चिठ्ठी मागतात. म्हणून मास्कची एक जादा गादी, पट्ट्यांचा एक जादा संच आणि दोन-तीन फिल्टर इथूनच न्यावेत. यंत्राच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे तिथल्या १२० व्होल्टवर ते तसेच चालते. व्होल्टेज बदलणारा जड ट्रान्सफॉर्मर नेण्याची गरज नाही, दोन चपट्या पात्यांचा साधा प्लग अडॅप्टर पुरतो. तिथे घरांत तिसऱ्या, गोल पिनसाठी भोक असलेले सॉकेटही असतात आणि आपला तीन पिनांचा प्लग ज्यात घट्ट बसतो असा अडॅप्टर इथेच लावून पाहून घ्यावा. सैल बसणारा अडॅप्टर रात्री ठिणग्या टाकतो. टाकीसाठी शुद्ध केलेले डिस्टिल्ड वॉटर तिथल्या किराणा दुकानांत गॅलनच्या कॅनमध्ये सहज मिळते. तुमच्या भावाला ते आदल्या दिवशीच आणून ठेवायला सांगा, म्हणजे पोहोचल्या रात्री यंत्र सगळ्या सरंजामासह लावता येईल.

आणखी एक. विमानतळावरून फ्रीमॉण्टपर्यंत गाडी भावालाच चालवू द्या. आमच्या ओळखीत अर्धवट झोपेनंतर ‘मी ताजातवाना आहे’ म्हणून हट्टाने चाक हाती घेणारे ज्येष्ठ आहेत. स्लीप ॲप्नियाच्या माणसाने एक रात्र अपुरी झोपल्यावर ते करू नये.

पुनर्वसू

शाल्मली यांचा गाडीविषयीचा मुद्दा योग्य आहे आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांनाही लागू आहे. बाबांची रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळेला घ्यायची, हे साडेबारा तासांच्या वेळेच्या फरकामुळे गोंधळाचे होते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून प्रवासाच्या दोन दिवसांचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे आणि गोळ्याही यंत्राच्याच पिशवीत ठेवाव्यात.

ठाणेकरीण

वैद्यकीय विभागाचे उत्तर आले. यंत्राला आणि नमूद केलेल्या दोन बॅटऱ्यांना उड्डाणादरम्यान वापरास लेखी संमती मिळाली. दीडपट बॅटरीची अट डॉक्टरांच्या पत्रानंतर त्यांनी लावली नाही. खिडकीचे आसन बदलून घेतले आहे. बाबांना विचारले, तर लाज वगैरे काही नाही, ‘मी घोरलो तर लोकांना जास्त त्रास होईल’ असे म्हणाले. बॅटरीवरची चाचणी या शनिवारी रात्री करणार आहोत. किती तास चालली ते इथे लिहीन, म्हणजे एअरसेन्स १० वापरणाऱ्या इतरांना आकडा मिळेल.